मी अडवलेलं रडणं

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्या भाऊबंदांना लहानपणी यथेच्छ चावलेलं आहे. मी एक जुनी चोखणी आहे. कुणी मला निपल म्हणतं, कुणी चुसणी. पुढे मऊ रबराचं बोंड, मध्ये निळी चकती आणि मागे धरायला एक कडी, एवढाच माझा संसार. माझ्यात दूध नसतं. माझ्याने कुणाचं पोट भरत नाही. रडणाऱ्या मुलाला गप्प करणं हे एकच काम मला येतं. ते काम मी एकदा इतकं मन लावून केलं, की आजपर्यंत त्याची आठवण माझी पाठ सोडत नाही.

माझा जन्म वसई पूर्वेच्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याचं छप्पर असलेला एक गाळा. एका बाजूला बाटल्यांची बुचं बनायची, दुसऱ्या बाजूला आम्ही. साच्यातून बाहेर आले तेव्हा मी गरम होते आणि मला नव्या पावसाळी चपलेचा वास येत होता. मग जागृती नावाच्या बाईंच्या टेबलावर आम्ही सगळ्या ओळीने बसलो. त्या एकेकीचं बोंड दोन बोटांत धरून जोरात ओढायच्या. तुटेल ती टोपलीत, टिकेल ती पाकिटात. मला त्यांनी दोनदा ओढलं, कारण तेवढ्यात शेजारणीने त्यांना काहीतरी विचारलं आणि माझी परीक्षा झाली की नाही हेच त्या विसरल्या. दोन्ही वेळा मी टिकले. या गोष्टीची टिमकी मी पुढे बरेच दिवस मनातल्या मनात वाजवली. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, की दर दोन महिन्यांनी चोखणी बदलावी. ते वाचायला भिंग लागलं असतं, त्यामुळे ते कुणीच वाचलं नाही.

वसईतच, एव्हरशाईन सिटीतल्या एका औषधांच्या दुकानात मी दीड महिना आकड्याला टांगून होते. एके दिवशी एक बाई आल्या, बहिणीच्या बाळासाठी काहीतरी द्या म्हणाल्या, आणि दुकानदाराने मला काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्या बहिणीचं नाव सँड्रा. सँड्रा आगाशीकडच्या वाडीतली, केळीच्या बागेत वाढलेली, आणि प्रेमात पडून पाचूबंदरच्या कोळ्याच्या घरात नांदायला आलेली. बागेतली पोरगी खाऱ्या वाऱ्यात टिकेल का, असं तिच्या माहेरच्यांनीही विचारलं होतं आणि सासरच्यांनीही. ती टिकली होती. तिचा नवरा क्लिफर्ड आपल्या काकांच्या, बर्नार्डच्या, होडीवर मासेमारीला जायचा. घर धक्क्यापासून वीस पावलांवर, आणि त्या घरात सगळ्यांच्या वर होती क्लिफर्डची आई, फ्लॉसीआजी.

बाळ महिन्याचं होतं. पहिल्या नातवाला आज्याचं नाव ठेवायची त्यांची रीत, म्हणून बाप्तिस्म्याला त्याचं नाव पास्कल ठेवलं होतं. मी पहिल्यांदा त्याच्या तोंडात गेले तेव्हा त्याने मला जिभेने बाहेर ढकललं. पुन्हा दिली, पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा त्याने विचार केला, टाळूला दाबून पाहिलं, आणि मग जी ओढ लावली ती अशी की माझ्या चकतीपर्यंत गुदगुल्या झाल्या. मित्रांनो, तुम्हाला सांगते, जागृतीबाईंच्या दोन बोटांत ती ताकद नव्हती.

ते तीन महिने माझे वैभवाचे होते. सँड्रा मला रोज सकाळी उकळत्या पाण्यातून काढायची आणि स्वच्छ फडक्यावर ठेवायची. धक्क्यावर मासळीचा लिलाव चालू असताना फ्लॉसीआजी पास्कलला कडेवर घेऊन बोली लावायची, आणि मी त्याच्या तोंडात असायचे. बाजूच्या कोळणी म्हणायच्या, पोर किती गुणी आहे, हूं नाही की चूं नाही. फ्लॉसीआजी म्हणायची, पोर नाही गुणी, चोखणी गुणी. एकदा मांजराने मला बोंबील समजून पळवलं, तेव्हा आजीने त्या मांजराचा चार घरं पाठलाग केला होता. मी फुशारले. मुलं गप्प करायला मी इतकी पटाईत, की मूल का रडतंय हा प्रश्न त्या घरात हळूहळू कुणी विचारेनासं झालं. त्याचा दोष माझाही आहे. मला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

आता त्या घराची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. होडी सुटताना त्या घरातल्या कुणीही रडायचं नाही. होडी धक्का सोडते तेव्हापासून ती दिसेनाशी होईपर्यंत कुणाच्या डोळ्यात पाणी नको आणि कुणाचा हुंदका नको. ही रीत सगळ्या बंदराची नव्हती, फक्त फ्लॉसीआजीची होती. तिचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला ठाऊक झालं, कारण म्हातारी माणसं तान्ह्या मुलांना सगळं सांगतात आणि मी त्या मुलाच्या तोंडात होते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिचा नवरा, थोरला पास्कल, होडीवर गेला तेव्हा ती धक्क्यावर उभी राहून रडली होती. नवी नवरी, पोटात क्लिफर्ड, रडू आलं म्हणून रडली. तो पाण्यात पडला आणि परत आला नाही. त्याचं शरीरही मिळालं नाही. तिच्या सासूने तिला एकच वाक्य ऐकवलं, की तुझ्या रडण्याने गेला. त्या दिवसापासून फ्लॉसीआजी रडली नव्हती. कांदा चिरतानासुद्धा ती तोंड फिरवून घ्यायची.

पावसाळ्यातले दोन महिने मासेमारी बंद असते. ऑगस्टात ती उघडते, तेव्हा फादर धक्क्यावर येऊन होड्यांना आशीर्वाद देतात आणि भरतीच्या पाण्यावर होड्या निघतात. पास्कलसाठी हंगामाची ती पहिलीच सुरुवात. तो चार महिन्यांचा होता. आदल्या संध्याकाळपासून तो किरकिर करत होता आणि सकाळी तर त्याने घर डोक्यावर घेतलं. सँड्रा म्हणाली की अंग गरम लागतंय, मी याला दवाखान्यात नेते. घरात बर्फाच्या लाद्या, डिझेलचे डबे, खलाशांचं जेवण अशी धांदल उडालेली. क्लिफर्डने आईकडे बघितलं.

"होडी सुटू दे," फ्लॉसीआजी म्हणाली. "मग जाऊ. तासाभराचा तर प्रश्न."

आणि तिने मला उचलून त्याच्या तोंडात दिलं.

मित्रांनो, त्याचं तोंड चुलीवरच्या तव्यासारखं तापलं होतं. मी तिथे गेल्या गेल्या मला कळलं. पण मला काम एकच येत होतं, ते मी केलं. तो गप्प झाला. बायका म्हणाल्या, बघा, शहाणं पोर, आपल्या होडीची वेळ त्याला कळते. फादर प्रार्थना म्हणत होते, पवित्र पाणी शिंपडत होते, बँडवाले वाजवत होते. पास्कल मला ओढत होता. आधी जोरात, मग थांबून थांबून, मग नुसता धरून होता. मग धरणंही सैल झालं. बाहेरून सगळ्यांना ते झोपलेलं मूल दिसत होतं. त्या एवढ्या गर्दीत फक्त मला माहीत होतं, की ही झोप नाही. मला ओरडायला तोंड नव्हतं. मी स्वतःला बाहेर टाकून द्यायचा प्रयत्न केला, पण फ्लॉसीआजी माझ्या चकतीवर बोट ठेवून उभी होती.

होडी निघाली, मग दुसऱ्या होड्या निघाल्या, मग फादरना चहा द्यायचा होता. तासाचे तीन तास झाले. सँड्राने मला काढलं तेव्हा मी सहज निघाले. दवाखान्यात डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, पण ताप डोक्यात गेला होता. आणखी थोडं लवकर आणलं असतं तर, एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पास्कल गेला. क्लिफर्डला फोन लागत नव्हता. दुसऱ्या होड्यांच्या वायरलेसवरून निरोप पोहोचून तो आला, तेव्हा तिसरा दिवस होता आणि दफन होऊन गेलं होतं.

सँड्रा कुणावर ओरडली नाही. तिने सासूला एका शब्दाने विचारलं नाही. ती बोलली असती, भांडली असती, ताटं आपटली असती तर त्या घराला बरं झालं असतं. ती नेहमीसारखी भाकऱ्या करायची, आईंना चहा द्यायची, आणि त्या सकाळबद्दल काही बोलायची नाही. घरातली वाफ कोंडून राहिली. फ्लॉसीआजीने पास्कलचे कपडे, लंगोट, खुळखुळा सगळं देऊन टाकलं. मला मात्र तिने आल्ताराखालच्या खणात ठेवलं. आल्तार म्हणजे घरातलं मारियामातेच्या मूर्तीचं स्थान. खणात मेणबत्त्यांचे तुकडे, जुन्या माळा आणि थोरल्या पास्कलचा एक फोटो होता. खण बंद झाला आणि अंधार झाला.

त्या अंधारात मी दोन वर्षं होते. पहिले काही दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. मला दिलं म्हणून मी गेले. मी तर एक रबराचा तुकडा. पण मग होड्या सुटायची वेळ झाली, धक्क्यावर इंजिनं सुरू झाली, आणि खणात एक मूल रडू लागलं. मी घाबरून गेले. आधी फोटोचा संशय घेतला, मग मेणबत्त्यांचा. आवाज माझ्यातून येत होता. तेव्हा मला उमगलं, मित्रांनो. त्या सकाळी पास्कलला अजून पुष्कळ रडायचं होतं. त्याला सगळ्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी ते अडवलं होतं, पण अडवलेलं काही नाहीसं होत नाही. ते रडणं माझ्या बोंडात शिल्लक राहिलं होतं आणि दर भरतीला ते सुरू व्हायचं.

मला वाटलं, हे मला एकटीलाच ऐकू येतंय. तसं नव्हतं. होडी गेली की फ्लॉसीआजी धक्क्यावरून सरळ घरी यायची, खण उघडायची, माझ्याकडे बघायची आणि खण लावायची. एकदा तिने कपाटातला जाड टॉवेल आणून माझ्यावर घातला. एकदा तिने मूर्तीसमोर बसून सबंध रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, मोठ्याने म्हटली, आवाज झाकला जावा म्हणून. शेवटी एकदा तिने सँड्राला हळूच विचारलं, की तुला काय ऐकू येतं का गं. सँड्रा म्हणाली, नाही. पण तिचा पीठ मळण्याचा आवाज मध्येच थांबला होता.

पास्कल गेल्यावर सव्वा वर्षाने त्या घरात मुलगी जन्मली. तिचं नाव क्लारा. तिचं सगळं मला खणातून, घरातल्यांच्या बोलण्यावरून कळायचं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी सँड्राची गत झाली. क्लारा रडली तर सँड्राला बरं वाटायचं. क्लारा गप्प झाली की ती हातातलं काम टाकून धावायची, तिच्या नाकाखाली बोट धरायची, शंका आली की हलवून उठवायची. बिचारी पोर कधी सलग झोपलीच नाही. बहिणीने नवी फुलाफुलांची चोखणी आणली, ती सँड्राने पाकीट न फोडता परत पाठवली.

फ्लॉसीआजीने वेगळा उपाय केला. तिने मारियामातेचं छोटं मेडल, म्हणजे तिची प्रतिमा कोरलेलं पदक, आणलं आणि क्लाराच्या मनगटात बांधलं. दोरा साधा असता तर तुटला असता, म्हणून तिने जाळं विणायचं नायलॉन घेतलं. आणि गाठ मारली ती कोळ्याची, जितकी ओढाल तितकी घट्ट बसणारी. जन्मभर तिच्या हातांना तीच गाठ येत होती. मुलगी वाढेल, मनगट भरेल, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. या दोऱ्याला कुणी हात लावायचा नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं. मेडल निघालं तर पोर जाईल, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती.

पुन्हा ऑगस्ट आला. क्लारा नऊ महिन्यांची झाली होती, गुबगुबीत, हाताला वळ्या पडलेली. आशीर्वादाच्या दिवशी तिला टोकाला तंग इलॅस्टिक असलेला, बोटं झाकणाऱ्या लांब बाह्यांचा फ्रॉक घातला. खणातून मला फक्त ऐकू येत होतं, बाकीचं मला मागाहून कळलं. बँड वाजला, फादरांची प्रार्थना झाली, इंजिन सुरू झालं आणि माझ्यातलं रडणं सुरू झालं. पण त्या दिवशी बाहेरही एक मूल रडत होतं. दोन्ही आवाज एकाच वेळी चालू होते. मी जीव मुठीत धरून ऐकत होते.

सँड्राने तिला पाजून बघितलं, उभं धरून बघितलं, खांद्यावर घेऊन बघितलं. रडणं वाढतच गेलं. क्लिफर्डचा एक पाय होडीवर चढायच्या फळीवर आणि एक धक्क्यावर. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कारण फ्लॉसीच्या घरची रीत सगळ्यांना माहीत होती आणि दोन वर्षांपूर्वीचंही सगळ्यांना माहीत होतं. होडीवरून बर्नार्डने हाक मारली.

"वैनी, पोरीला गप करा. पानी उतराय लागलं. होडी गाळात बसंल."

त्याचं चुकत नव्हतं. भरती कुणासाठी थांबत नाही. पाणी उतरलं की होडी जागची हलत नाही आणि लादलेला बर्फ वितळून जातो. पोरीच्या तोंडात काहीतरी द्या, असं दोघी-तिघी म्हणाल्या. आणि मग वीस पावलांचा आवाज आला, खण उघडला आणि दोन वर्षांनी मी खणाबाहेर, उजेडात आले.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझं रूप दिसलं. मी पिवळी पडले होते. बोंड चिकट झालं होतं आणि मुळाशी चहूबाजूंनी भेग गेली होती. नऊ महिन्यांच्या, दोन दात आलेल्या मुलीने मला एकदा जोराने ओढलं असतं, तर माझं बोंड तुटून थेट तिच्या घशात गेलं असतं. मला घेऊन आजी जवळजवळ पळत निघाली. तिने मला पदराने पुसलं. मी मनात म्हणत होते, पड, हातातून पड. पण मी पडले नाही. मासळी धरणाऱ्या हातातून काही पडत नाही.

ती सँड्रासमोर आली आणि मला क्लाराच्या ओठांना लावलं. क्लारा थांबली. एका श्वासापुरती थांबली. सगळ्या धक्क्याने सुटकेचा निःश्वास सोडला. सँड्राने मात्र मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. दोन वर्षं ती या गोष्टीबद्दल बोलली नव्हती. आता ती बोलली, अगदी हळू आवाजात.

"पास्कलपण असाच गप्प झाला होता, आई."

फ्लॉसीआजीचा हात तिथेच थांबला. बर्नार्ड पुन्हा काहीतरी ओरडला, ते तिला ऐकू गेलं नाही. तिने मला क्लाराच्या ओठांपासून मागे घेतलं. क्लाराने पुन्हा टाहो फोडला. आता आजीला दोन्ही हात मोकळे हवे होते आणि मला ठेवायला जागा नव्हती. तिने मला स्वतःच्या तोंडात धरलं, दातांमध्ये, आणि नातीला सँड्राच्या हातातून घेऊन तिथेच जमिनीवर बसली.

लिलावात मासळी पारखताना ती जशी कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत बोटं फिरवायची, तशी तिने क्लारावर बोटं फिरवली. कपाळ गार होतं. कान, मान, पोट, पाठ, जांघा. काही नाही. मग डाव्या बाहीचं इलॅस्टिक तिने वर सरकवलं. मनगटात नायलॉन रुतलं होतं, इतकं की दोरा दिसतच नव्हता, नुसती एक खाच दिसत होती. त्याखालचा पंजा सुजून निळा पडला होता. मेडल बोटांवर उलटं पडलेलं. पोरीने सकाळपासून बाही उपटायला जितकी ओढ लावली होती, तितकी ती गाठ आवळत गेली होती.

आजीने गाठीला नखं लावली. तिचीच गाठ, ती तिला सुटेना. तिचे दात माझ्यात रुतत चालले होते. तेवढ्यात क्लिफर्डने फळीवरचा पाय काढला आणि जाळं कापायची सुरी घेऊन धक्क्यावर उडी मारली. त्याने सुरीचं टोक त्या खाचेत इतक्या अलगद घातलं, की मला त्याच्या हाताचा अभिमान वाटला. दोरा तटकन तुटला. मेडल धक्क्यावरून घरंगळत पाण्यात गेलं, आणि कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. सगळे त्या पंजाकडे बघत होते. हळूहळू त्यात लाली आली. मग क्लारा आणखी मोठ्याने रडली, कारण हातात रक्त परत येताना दुखतं, आणि सँड्राने तिला उराशी धरून म्हटलं, रड गं, रड.

फ्लॉसीआजी जमिनीवरच बसली होती. होडी अजून धक्क्याला होती, इंजिन चालू होतं. तिच्या जबड्यात मी होते आणि तिच्या घशातून काहीतरी वर येत होतं. ते अडवायला तिने मला आणखी घट्ट चावलं. मी जागृतीबाईंच्या दोन परीक्षांत टिकले होते, पण या तिसऱ्या परीक्षेत नाही टिकले. माझं बोंड मुळापासून तुटलं आणि त्याच क्षणी ती रडली. थोरल्या पास्कलचं, धाकट्या पास्कलचं, चाळीसेक वर्षांचं साचलेलं रडणं तिने त्या दिवशी होडीसमोर बाहेर काढलं. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. बर्नार्डने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला आणि वहिनीच्या शेजारी उकिडवा बसला.

त्या भरतीला होडी गेली नाही, गाळात बसली. क्लिफर्ड बायको-मुलीला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, हात वाचला, पण संध्याकाळपर्यंत तसाच राहिला असता तर सांगता आलं नसतं. पुढच्या भरतीला होडी सुटली आणि पाचव्या दिवशी सुखरूप परत आली. मासळी ना जास्त मिळाली ना कमी. फ्लॉसीआजी इतकी रडली तरी काही वाईट झालं नाही, हे बंदरातल्या बायकांनी आपसांत दोन-तीनदा बोलून घेतलं.

होडी आली त्याच दिवशी दुपारी फ्लॉसीआजीने मला, म्हणजे माझे दोन तुकडे, रुमालात बांधले आणि ती चर्चच्या दफनभूमीत गेली. सँड्रा मागून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. छोट्याशा क्रुसावर पास्कल एवढंच नाव होतं. थोरल्या पास्कलची कबर कुठेच नाही, म्हणून आजी दोघांसाठी तिथेच यायची. ती गुडघ्यांवर बसली, हातांनी वाळू बाजूला केली आणि मला आत ठेवलं.

"रड बाळा," ती म्हणाली. "आता कोनी गप करनार नाय. आजी ऐकते."

सँड्रा तिच्या बाजूला बसली. तिने सासूच्या पाठीवर हात ठेवला नाही, की माफ केलं असंही म्हणाली नाही. ती फक्त जवळ बसली आणि मग तिनेही दोन्ही हातांनी माझ्यावर वाळू लोटली.

मित्रांनो, तुम्ही आता मोठे आहात, पण तुमच्या घरात एखादं लहान भावंड असेल, शेजारी एखादं बाळ असेल. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही असं मोठी माणसं म्हणतात. पण मूल फक्त दुधासाठी रडत नाही. ते रडलं, तर आधी त्याचं कपाळ बघा. बाह्या वर करा, पायमोजे काढा, बोटं मोजा. त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या. सगळं ठीक असेल तर मग खुशाल माझ्यासारखीला बोलवा, धुऊन घ्या, आणि भेग पडली की फेकून द्या. आमच्यावर दया करू नका. कितीही घाई असली, कितीही माणसं बघत असली, तरी आम्हाला पहिल्यांदा बोलावू नका, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.

माझा मुक्काम आता इथेच. होड्या सुटतात तेव्हा इंजिनांची धडधड वाळूतून माझ्यापर्यंत येते आणि तेव्हाच तो रडू लागतो. चार महिन्यांच्या मुलाचं रडणं, त्या सकाळी मी येण्याआधी होतं तसंच. मी त्याच्या अगदी जवळ आहे. मी त्याला रडू देते.